मुंबईत पहिला, सिडनीत दहावा : १९६८ च्या निकालपत्रात न मावलेला आग्रा रोड

#थ्रेड #इतिहास

१/
१७ डिसेंबर १९६८ रोजी सिडनीजवळच्या वॉरिक फार्म येथे एका मोटार शर्यतीची सांगता झाली. लंडनहून निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ५६ गाड्या तिथवर पोहोचल्या. या शर्यतीचे नाव लंडन–सिडनी मॅरेथॉन. तिचे निकालपत्र आजही मोटारप्रेमींच्या तोंडी असते. मात्र या शर्यतीतला आशियाचा अखेरचा टप्पा दिल्लीहून मुंबईला आग्रा रोडने आला आणि कसारा घाट उतरून शहापूर-आसनगावच्या पट्ट्यातून गेला, याची आठवण खुद्द या पट्ट्यातही फारशी उरलेली नाही.

२/
हा धागा त्या निकालाविषयी आहे आणि निकाल कसा वाचावा याविषयीही. मांडणी सरळ आहे : निकालपत्र हे इतिहासाचे एक साधन आहे, आणि ताम्रपट, शिलालेख किंवा महसुली कागद ज्या चिकित्सेने तपासला जातो त्याच चिकित्सेने ते तपासले पाहिजे. ते कोणी तयार केले, त्यात काय मोजले, आणि काय मोजण्याची सोयच ठेवली नाही?

३/
प्रथम पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. साम्राज्य सरले होते आणि चलनही घसरले होते. अशा वेळी 'डेली एक्स्प्रेस'चे मालक सर मॅक्स एटकिन यांच्या वर्तुळात एका भव्य शर्यतीची कल्पना निघाली. ब्रिटिश मोटार उद्योगाची जगापुढे जाहिरात व्हावी आणि देशाचे मनोधैर्य वाढावे, हा हेतू होता. ऑस्ट्रेलियातून सर फ्रँक पॅकर यांचे 'टेलिग्राफ' वृत्तपत्र त्यात सामील झाले. पहिले बक्षीस १०,००० पौंडांचे ठरले.

४/
मार्गही पाहण्यासारखा आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून प्रस्थान. मग पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तुर्कस्तानातील शिवास आणि एर्झिंजान, तेहरान, काबूल, सरोबी, दिल्ली आणि मुंबई. मुंबईहून पी. अँड ओ. कंपनीच्या 'चुसान' जहाजातून गाड्या ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला आणि तिथून ते अख्खे खंड ओलांडून सिडनीला. एकूण अंतर सुमारे १०,००० मैल.

५/
आज हा नकाशा अद्भुत वाटतो. भारत-पाकिस्तान युद्धाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, तरीही लाहोरकडून गाड्या भारतात आल्या. काबूलजवळच्या लताबंद खिंडीत चालकांना चिंता होती ती फक्त खडबडीत रस्त्याची. पुढे १९७९ या एकाच वर्षात इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या. खुष्कीचा तो मार्ग पुन्हा कधीच तितका मोकळा राहिला नाही. म्हणून १९६८ चा हा मार्गनकाशाच स्वतः एक ऐतिहासिक दस्तऐवज ठरतो.

६/
आता गुणपद्धती. ही शर्यत सर्वांत वेगवान गाडी शोधण्याची नव्हती. प्रत्येक टप्प्याला वेळ नेमून दिलेला होता. ठरलेल्या वेळेपेक्षा जितकी मिनिटे उशीर, तितके दंडगुण. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. थोडक्यात, हे निकालपत्र म्हणजे उशिराचा हिशेब आहे. हे ध्यानात ठेवल्याखेरीज त्यातले आकडे नीट वाचता येत नाहीत.

७/
अंतिम निकाल असा लागला :
पहिला : अँड्र्यू कावन, ब्रायन कॉइल, कॉलिन मॅल्किन, गाडी हिलमन हंटर, दंडगुण ५०.
दुसरा : पॅडी हॉपकर्क, टोनी नॅश, अलेक पूल; गाडी ऑस्टिन १८००; दंडगुण ५६.
तिसरा : इयन वॉन आणि सहकारी, गाडी फोर्ड फाल्कन, दंडगुण ६२.
सांघिक बक्षीस ऑस्ट्रेलियन फोर्डच्या फाल्कन गाड्यांना मिळाले. १०,००० मैलांच्या अंतरात पहिल्या तिघांमध्ये फरक अवघ्या बारा मिनिटांचा.

८/
या यादीत मुंबईचा निकाल दिसत नाही. मुंबईत पोहोचल्या त्या ७२ गाड्या. तिथे पहिल्या क्रमांकावर होता रॉजर क्लार्क, साथीला ओव्हे आंदर्सन, गाडी लोटस कॉर्टिना. दुसरी होती सिमो लाम्पिनेन आणि गिल्बर्ट स्टापेलार यांची फोर्ड टाउनस. तिसरी लुसियन बियांकी आणि जाँ-क्लोद ओझिए यांची सित्रोएन डी.एस. म्हणजे अंतिम विजेता कावन मुंबईत पहिल्या तिघांतही नव्हता, आणि मुंबईतल्या पहिल्या तिघांपैकी एकालाही सिडनीत पहिल्या तिघांत स्थान मिळाले नाही.

९/
यावरून एक प्रश्न निघतो. युरोप आणि आशिया ओलांडून, तुर्कस्तानचे डोंगर, अफगाणिस्तानच्या खिंडी आणि आग्रा रोडची गर्दी पार करून जो पहिला आला, त्याची नोंद 'अर्ध्यावरची स्थिती' एवढीच का राहावी? उत्तर सोपे आहे : शर्यतीचे नाव लंडन–सिडनी होते. नाव ज्याने दिले त्याने प्रारंभ आणि शेवट ठरवला, आणि मधले सगळे जग केवळ 'वाट' झाले.

१०/
इथे आग्रा रोडविषयी थोडे विस्ताराने. दिल्ली ते मुंबई हा टप्पा सुमारे १,४०० किलोमीटरचा होता. त्यासाठी वेळ मिळाला सुमारे २३ तासांचा. म्हणजे ताशी सरासरी ६० किलोमीटर, तीही एकाच सलग दौडीत. आजच्या सहापदरी महामार्गावर ही गती सामान्य वाटेल. १९६८ च्या दुपदरी रस्त्यावर बैलगाड्या, सायकली, मालमोटारी, गुरे आणि बघ्यांची अफाट दाटी यांतून ती साधायची होती.

११/
हा रस्ता इंदूर, धुळे, नाशिक करीत इगतपुरीला येतो आणि थळघाटातून, म्हणजे कसारा घाटातून, कोकणच्या पातळीला उतरतो. मग खर्डी, शहापूर, आसनगाव, वाशिंद, पडघा, भिवंडी, ठाणे. याच रस्त्याचे मुंबईतले शेपूट म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. कुर्ला-भांडुप-मुलुंडकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो अजूनही आग्रा रोडच आहे. त्याच रस्त्यालगत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना फियाट गाड्या तयार करीत होता.

१२/
आसनगावला ही 'वाट असण्याची' सवय जुनी आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वाशिंदपर्यंत १८५५ मध्ये पोहोचला, आसनगावला १८६० मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये आणि घाट चढून इगतपुरीला १८६५ मध्ये. म्हणजे १८६० चे जवळपास अख्खे वर्ष आसनगाव हे त्या मार्गाचे टोक होते. रूळ तिथे संपत आणि पुढचा प्रवास बैलगाडीने किंवा पायी सुरू होई. पुढच्या वर्षी टोक कसाऱ्याला सरकले आणि आसनगाव पुन्हा मधले स्थानक झाले.

१३/
त्याआधीचा इतिहासही वेगळा नाही. आसनगावच्या माथ्यावर उभा असलेला माहुली किल्ला पुस्तकांत प्रामुख्याने १६३६ च्या वेढ्यासाठी आणि शहाजीराजांच्या तहासाठी येतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून चढणारा नाणेघाट येतो तो सातवाहनांसाठी. दोन्ही ठिकाणी सत्तेचा उल्लेख ठळक आहे. रोज वर-खाली करणाऱ्या माणसांचा मात्र नाही.

१४/
नाणेघाटाच्या लेण्यातला लेख या संदर्भात फार बोलका आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या काळातला तो लेख यज्ञांची नावे सांगतो आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे नोंदवतो. म्हणजे तोही एक प्रकारचा तक्ताच आहे. ते कार्षापण ज्या व्यापारातून आले, त्या व्यापाराचे ओझे घाटाने चढवणारे बैल आणि माणसे त्या तक्त्यात नाहीत. त्यामुळे लेख खोटा ठरत नाही. त्याचा उद्देशच दात्याचे मोठेपण सांगण्याचा होता. इतिहासाच्या अभ्यासकाने तो उद्देश ओळखून लेख वाचायचा असतो.

१५/
लंडन–सिडनीचे निकालपत्रही याच न्यायाने वाचावे. रॉजर क्लार्कची कथा घ्या. ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीचा पिस्टन गेला. फोर्डच्याच दुसऱ्या चमूतील एरिक जॅक्सनच्या गाडीचे भाग काढून ती दुरुस्त केली गेली. पुढे मागचा डिफरेन्शिअल निकामी झाला. तेव्हा रस्त्याकडेला एक कॉर्टिना दिसली. प्रथम नाखूश असलेल्या तिच्या मालकाला राजी करून क्लार्कने त्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल विकत घेतला. हे बदलण्यात ८० मिनिटे गेली. अखेर क्रमांक दहावा.

१६/
तक्त्यात 'दहावा' एवढेच उरते. स्वतःच्या गाडीचे सुटे भाग देऊन सहकाऱ्याला पुढे पाठवणारा जॅक्सन त्या आकड्यात नाही. चाकांखालचा अ‍ॅक्सल काढून देणारा तो अनोळखी गाडीमालक तर मुळीच नाही. क्लार्क सिडनीला पोहोचला तो या दोघांमुळे.

१७/
दुसरी कथा अधिक गंभीर. शर्यत संपायला जेमतेम शंभर मैल राहिले असताना बियांकी आणि ओझिए आघाडीवर होते. बियांकी त्याच वर्षी ल मानची २४ तासांची शर्यत जिंकलेला बेल्जियन चालक. नाउराजवळ त्यांची सित्रोएन शर्यतीत नसलेल्या एका मिनी गाडीवर समोरासमोर आदळली. त्या वेळी ओझिए गाडी चालवत होता. बियांकी गंभीर जखमी झाला. हातातोंडाशी आलेले यश एका क्षणात गेले. पुढे मार्च १९६९ मध्ये ल मान येथेच सरावादरम्यान अपघातात बियांकीचा मृत्यू झाला. फॉर्म्युला वनचे चाहते ज्या ज्यूल बियांकीला ओळखतात, तो त्याच्याच भावाचा नातू.

१८/
अपघातस्थळी स्पर्धकांपैकी प्रथम पोहोचला तो पॅडी हॉपकर्क. १९६४ ची माँटे कार्लो रॅली मिनी कूपरमधून जिंकलेला हा बेलफास्टचा चालक घड्याळाकडे न पाहता थांबला आणि त्याच्या चमूने जखमींना मदत केली. अंतिम निकालात तो सहा दंडगुणांनी मागे, दुसरा. निकालपत्रात उशिराला रकाना आहे. थांबण्याच्या कारणाला नाही. रस्ता चुकून गेलेले मिनिट आणि माणूस वाचवण्यात गेलेले मिनिट तिथे एकाच मापाने मोजले जाते.

१९/
यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. शर्यतीला अंतिम रेषा हवीच. सगळ्या कथा धरू लागलो तर विजेता ठरणार कसा? आणि या कथांच्या भरात कावनच्या विजयाला 'नशिबाचा विजय' म्हणण्याची चूक होते, त्याचे काय? हा आक्षेप मान्य करावा लागतो. किंबहुना या थ्रेडचा तोही एक मुद्दा आहे.

२०/
अँड्र्यू कावन हा स्कॉटलंडच्या डन्स परिसरातला शेतकरी. त्याची हिलमन हंटर ही दिमाखदार गाडी नव्हती, साधी कुटुंबाची गाडी होती. तिचाच अवतार 'पैकान' या नावाने १९६७ पासून इराणात तयार होऊ लागला आणि तो २००५ पर्यंत निघत राहिला. अशी गाडी १०,००० मैल न मोडता, थोडे थोडे गुण गमावत नेणे हेच त्या शर्यतीचे खरे कौशल्य होते. इतरांच्या गाड्या मोडल्या म्हणून तो जिंकला, हे अर्धसत्य आहे. स्वतःची मोडू दिली नाही म्हणून तो जिंकला, हे उरलेले सत्य. १९७७ च्या दुसऱ्या लंडन–सिडनी शर्यतीत मर्सिडीझ घेऊन तो पुन्हा पहिला आला, तेव्हा नशिबाचा युक्तिवाद आपोआप संपला.

२१/
म्हणून निकाल बदलण्याची मागणी इथे नाही. निकाल जे सांगतो ते खरेच आहे. आक्षेप आहे तो तेवढ्यावरच इतिहास संपवण्याला. त्याच यादीच्या खालच्या ओळी पाहा. शीतयुद्धाच्या ऐन काळात, प्राग येथे रणगाडे घुसल्यानंतर चारच महिन्यांत, सोव्हिएत मॉस्कविचच्या चारही गाड्या सिडनीला पोहोचल्या. एम.जी.बी. घेऊन उतरलेल्या जीन डेंटन पुढे ब्रिटनच्या सरकारात कनिष्ठ मंत्री झाल्या. मुंबईचे बोमसी वाडिया यांचाही चमू या शर्यतीत होता. त्या मुंबईकरांसाठी आशियाचा शेवटचा टप्पा म्हणजे चक्क घरचा रस्ता. पहिल्या तीन नावांवर नजर थांबली की हे सारे निसटते.

२२/
आणि सर्वांत अधिक निसटतो तो रस्ता. शहापूर तालुक्याच्या दृष्टीने हा विषय केवळ आठवणींचा नाही. तानसा आणि भातसा इथे अडवले जातात, पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. रूळ, महामार्ग, जलवाहिन्या सारे इथून जाते. ज्या प्रदेशाचे वर्णन कायम 'मार्गावर' असे होते, त्याचा इतिहास लिहिताना तो प्रदेशच नजरेआड होतो, आणि मग त्याच्या मागण्याही.

२३/
याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जणांनी प्राण गमावले. पुढे ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तेव्हा सर्वत्र चर्चा झाली ती एका आकड्याची : मुंबई-नागपूर आठ तासांत. आकडा महत्त्वाचा आहेच. पण १८६० च्या दशकात थळघाटाचे बोगदे खोदणाऱ्या मजुरांची नावे आज सांगता येत नाहीत. सरळांबेच्या २० नावांचे तसेच होऊ द्यायचे का, हे ठरवायला अजून वेळ गेलेली नाही.

२४/
वेगाचा निकाल लिहिणारे नेहमीच भेटतात. तो वेग ज्यांच्या दारावरून, ज्यांच्या श्रमावरून गेला त्यांची नोंद कोणीतरी मुद्दाम ठेवावी लागते. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांपुढचे खरे काम हे आहे, आणि त्याला मुदत आहे. डिसेंबर १९६८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पासष्टीच्या पुढे आहे. कसाऱ्यापासून पडघ्यापर्यंत आग्रा रोडच्या कडेला राहणारी ही पिढी अजून बोलू शकते.

२५/
कामाची दिशा अवघड नाही. डिसेंबर १९६८ च्या पहिल्या आठवड्यातले 'लोकसत्ता' आणि 'महाराष्ट्र टाइम्स'चे अंक चाळावेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, तिथे जावे. रस्त्यांचा जुना तपशील १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे, तो पाहावा. आणि मग आसनगाव, शहापूर, खर्डी, कसारा येथील वडीलधाऱ्यांपाशी बसून विचारावे : त्या थंडीत रस्त्यावरून परदेशी गाड्या गेलेल्या आठवतात का? कोणी रस्ता मोकळा केला, कोणी पाणी दिले, रस्ता तेव्हा केवढा होता, कडेला झाडे कोणती होती? नाव, गाव, तारीख यांसह उत्तर उतरवून घ्यावे. 'आठवत नाही' हेही उत्तर उतरवावे, कारण तेही साधनच आहे.

२६/
सिडनीचा तक्ता पूर्ण आहे. त्यात भर घालण्याजोगे काही नाही. मुंबईचा तक्ता, जिथे क्लार्क पहिला होता, तोही अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या दोन तक्त्यांआधीचा, घाट उतरून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा तक्ता मात्र अजून कोणी लिहिलेला नाही. तो लंडनहून किंवा सिडनीहून लिहिला जाणार नाही. तो आसनगावातूनच लिहावा लागेल. (समाप्त)